समुद्रतळावरच्या तेलविहिरींना सामान पुरवायचंय? मग इथून सुरुवात करा

गेट व्हॉल्व्हच्या स्टेमभोवती (उघडबंद करणाऱ्या दांड्याभोवती) बसणारी सील तळहातावर घेतली तर जेमतेम बांगडीएवढी भरते. तीच सील दोन हजार मीटर पाण्याखाली गळायला लागली की बदलायला माणूस जाऊ शकत नाही, जहाज पाठवावं लागतं. अशा जहाजाचं एका दिवसाचं भाडं काही लाख डॉलरपर्यंत जातं. समुद्र खवळला की जहाज नुसतं उभं राहतं, भाडं मात्र चालूच. शिवाय तेवढे दिवस विहीर बंद. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की या धंद्यातल्या विचित्र वाटणाऱ्या सवयींचा उलगडा होतो. एका नटामागे चार कागद का मागतात, चाचणीला तिऱ्हाईत इन्स्पेक्टर का उभा असतो, आणि पहिली ऑर्डर मिळायला वर्षं का लागतात, हे सगळं त्या भाड्यात आहे.

मी मशीन शॉपमधून या धंद्यात आलो. त्यामुळे पुढचं सगळं कारखान्याच्या बाजूने लिहिलेलं आहे. विक्रीतल्या माणसांना काही मुद्दे कडू लागतील.

आधी सामान ओळखा

समुद्रतळावर विहिरीच्या तोंडाशी वेलहेड असतं. त्यावर व्हॉल्व्हांचा जो ठोकळा बसतो त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात, बोलताना नुसतं ट्री. विहीर उघडायची, बंद करायची, तिचा प्रवाह आवरायचा, ही कामं ट्रीची. प्रवाह कमी-जास्त करणारा भाग म्हणजे चोक, आणि वरून आलेला हुकूम ऐकून व्हॉल्व्ह हलवणारा डबा म्हणजे कंट्रोल मॉड्यूल. चार-सहा ट्रींचं तेल मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतं. ट्री आणि मॅनिफोल्ड यांना जोडणारा आखूड पाइप जंपर, तळावरून जाणारा लांब पाइप फ्लोलाइन, आणि तळापासून वर तरंगत्या जहाजापर्यंत चढणारा तो रायझर. वीज, सिग्नल, हायड्रॉलिक द्रव आणि रसायनं खाली नेणाऱ्या जाडजूड केबलला अंबिलिकल म्हणतात. शब्दशः नाळच ती.

समुद्रतळावरची पहिली ट्री १९६१ मध्ये मेक्सिकोच्या आखातात शेलने बसवली, जेमतेम सोळा-सतरा मीटर पाण्यात. आज त्याच आखातात स्टोन्ससारख्या क्षेत्रात सुमारे २,९०० मीटर खोलीवरून तेल येतं. दर दहा मीटरला साधारण एक बार दाब वाढतो. म्हणजे दोन हजार मीटरवर बाहेरून दोनशे बारचा दाब आणि भोवती चार अंश सेल्सिअसच्या आसपासचं पाणी. आतून येणारं तेल मात्र गरम. प्रवाह थांबला की वायू आणि पाणी मिळून बर्फासारखा हायड्रेट तयार होतो आणि पाइप चोंदतो. म्हणून इन्सुलेशन लागतं, मिथेनॉल किंवा ग्लायकॉल सोडावं लागतं. तुमचा सुटा भाग या साखळीत नेमका कुठे बसतो, त्याला दाब आतून जास्त की बाहेरून, गार कितपत आणि गरम कितपत, हे दोन वाक्यांत सांगता येत नसेल तर अजून कोणालाही भेटायला जाऊ नका.

ट्रीचे दोन प्रकार गिऱ्हाईकाच्या भेटीत हमखास निघतात. उभ्या ट्रीत ट्युबिंग हँगर, म्हणजे विहिरीतून तेल वर आणणारा पाइप (ट्युबिंग) ज्याला टांगतात तो भाग, खाली वेलहेडमध्ये बसतो, त्यामुळे ट्युबिंगला हात न लावता ट्री उचलता येते. आडव्या ट्रीत तो ट्रीच्याच पोटात बसतो, त्यामुळे ट्री जागेवर ठेवून ट्युबिंग काढता येतं. विहिरीत पंप असेल आणि तो पुन्हा पुन्हा काढावा लागणार असेल तर आडवी सोयीची.

कोणाचं दार वाजवायचं

खर्च करते तेलकंपनी: पेट्रोब्रास, इक्विनॉर, शेल, एक्झॉनमोबिल, टोटलएनर्जीज वगैरे. पण नवख्याने तिच्या दारात जाऊन उपयोग नसतो. तेलकंपनी पूर्ण यंत्रणा मागते, आणि पूर्ण यंत्रणा देणाऱ्या कंपन्या जगात बोटांवर मोजण्याएवढ्या. टेक्निप आणि एफएमसी टेक्नॉलॉजीज २०१७ मध्ये एकत्र येऊन टेक्निपएफएमसी झाली. वनसबसी २०१३ मध्ये कॅमेरॉन आणि श्लुम्बर्जे यांनी मिळून काढली आणि २०२३ पासून तिच्यात एसएलबी (श्लुम्बर्जेचंच नवं नाव), अकर सोल्युशन्स आणि सबसी७ असे तीन भागीदार आहेत. जुन्या व्हेटको ग्रेचा वारसा बेकर ह्यूजेसकडे आहे. विलीनीकरणं इतकी झाली, की जुन्या ड्रॉइंगवर एका कंपनीचं नाव, परचेस ऑर्डरवर दुसऱ्या कंपनीचं आणि इन्स्पेक्टरच्या हेल्मेटवर तिसऱ्याचं, असं दृश्य नेहमीचं आहे.

तुमचं गिऱ्हाईक या यंत्रणा-कंपन्या किंवा त्यांचे पुरवठादार. फोर्जिंग, मशीनिंग, क्लॅडिंग (गंजरोधक धातूचा थर चढवणं), सील, बोल्ट, हायड्रॉलिक फिटिंग, पाण्याखालचे इलेक्ट्रिकल कनेक्टर, कोटिंग अशी कामं बाहेर दिली जातात. माझं मत असं, की परचेसच्या माणसापेक्षा सप्लायर क्वालिटी इंजिनियरची ओळख जास्त मोलाची. परचेसवाला चहा पाजेल, मान्य पुरवठादारांच्या यादीत नाव चढवणं मात्र दुसऱ्याच्या हातात असतं.

एक बाजूचं दार बरेच जण विसरतात. विहिरीत कायम न राहणारं सामानही भरपूर लागतं: वाहतुकीच्या फ्रेम, उचलायची उपकरणं, टेस्ट स्टंप (चाचणीसाठी ट्री बसवायचा खुंट), प्रेशर कॅप, आरओव्हीच्या (जहाजावरून चालवायच्या पाण्याखालच्या रोबोच्या) हातात द्यायची अवजारं. तेही नियमांतून सुटलेलं नाही. समुद्रावर उचलल्या जाणाऱ्या कंटेनर आणि फ्रेमना डीएनव्ही या प्रमाणन संस्थेच्या २.७-१ आणि २.७-३ या मानकांची अट असते. तरी पंचवीस वर्षं पाण्याखाली टिकण्याचा प्रश्न तिथे नसतो, त्यामुळे पहिली ऑर्डर लवकर मिळते आणि कंपनीला तुमची कागदाची शिस्त दिसते.

मानकं वाचा, स्वतः

सल्लागार नेमा, पण मानकं त्याच्यावर सोडू नका. वेलहेड आणि ट्रीच्या सामानाचं मूळ मानक एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) ६ए. समुद्रतळासाठी त्यावर एपीआय १७डी, नियंत्रण यंत्रणेसाठी १७एफ, आरओव्ही जिथे अवजार लावतो त्या जागांसाठी १७एच. दाबाचे वर्ग ५,०००, १०,०००, १५,००० आणि २०,००० पीएसआय. शेवटचा वर्ग बराच काळ कागदावरच होता. शेव्हरॉनच्या अँकर प्रकल्पातून ऑगस्ट २०२४ मध्ये पहिलं तेल निघालं, तेव्हा खोल पाण्यात तो प्रत्यक्ष वापरात आला.

ड्रॉइंगवर 'पीएसएल ३जी' (सामानाच्या तपासणीची पातळी) दिसलं तर त्यातल्या 'जी'वर बोट ठेवा. त्याचा अर्थ वायूने चाचणी. तुमच्याकडे पाण्याने दाब देणारा बे (चाचणीची बंदिस्त जागा) असेल आणि वायूचा नसेल, तर दर देण्याआधीच ती चाचणी बाहेर कुठे करून घेणार ते ठरवा. विहिरीत हायड्रोजन सल्फाइड असेल तर आयएसओ १५१५६ लागू होतं आणि पोलादाच्या कडकपणावर मर्यादा येते.

तेलकंपन्यांचे स्वतःचे जादा नियम वेगळे. प्रत्येकीचे निराळे असल्यामुळे पुरवठादार वेडे व्हायची पाळी आली होती. आयओजीपी या तेलकंपन्यांच्या संघटनेने सामायिक विनिर्देश काढून ते थोडं आटोक्यात आणलंय. ट्रीसाठीचा एस-५६१ मिळवून वाचाच.

आयएसओ ९००१ असणं हे दारातून आत येण्यापुरतं. मालावर एपीआयचा मोनोग्राम (अधिकृत शिक्का) ठोकायचा तर एपीआय क्यू१ प्रमाणे गुणवत्ता व्यवस्था लागते. ती उभी करायला वर्षभर तरी धरा.

धातूची जन्मकुंडली

इथे जरा थांबतो, कारण नवखे सर्वाधिक इथेच मार खातात.

समजा तुम्हाला व्हॉल्व्हची बॉडी करायची आहे. एफ२२ सारख्या पोलादाचं फोर्जिंग येतं, हीट ट्रीटमेंट होते, मग रफ मशीनिंग. सीलच्या खोबणीत आणि तेल लागणाऱ्या भागांवर इन्कोनेल ६२५चा थर वेल्डिंगने चढतो, परत भट्टी, मग फिनिश मशीनिंग आणि तपासण्या. या प्रवासात तो तुकडा कोणत्या हीटचा (एका वेळी वितळवलेल्या पोलादाच्या घाण्याचा), कोणत्या भट्टीतून कोणत्या तारखेला निघाला, त्याच्यासोबत कोणता टेस्ट कूपन (चाचणीसाठीचा नमुना तुकडा) भाजला गेला, हे सगळं शेवटपर्यंत सांगता आलं पाहिजे. हे सांगण्याचं साधन म्हणजे धातूवर ठोकलेला नंबर.

आमच्याकडे एकदा सहा बॉडी रफ मशीनिंगला लागल्या. नियम असा, की जुना नंबर कापला जाण्याआधी इन्स्पेक्टरसमोर तो दुसऱ्या पृष्ठभागावर उतरवायचा. रात्रपाळीला ऑपरेटरने फेस मारला, चार बॉडींवरचे नंबर चिपांबरोबर गेले. धातू तोच, यंत्रावरचा क्रमही माहीत, रासायनिक तपासणी करून दाखवली. गिऱ्हाईकाने चारही नाकारल्या. तेव्हा मला राग आला होता. आता तीच बॉडी माझ्याकडे तपासायला आली तर मीही नाकारेन, कारण एकाच ग्रेडच्या दोन हीट रसायनात जुळ्या निघू शकतात आणि गार पाण्यातल्या चिवटपणात वेगळ्या. तेव्हापासून आमच्याकडे जॉबकार्डवर 'नंबर उतरवला' ही ओळ सही झाल्याशिवाय मशीन सुरू होत नाही.

दुसरा धोका हायड्रोजनचा. समुद्राच्या पाण्यात गंज टाळायला ट्रीवर अॅल्युमिनियमचे अॅनोड लावतात. त्या संरक्षणातच पोलादाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सुटतो आणि फार कडक बोल्टात शिरून त्याला ठिसूळ करतो. म्हणून कडकपणाला वरची मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी ३५० विकर्सच्या आसपास. 'जास्त कडक म्हणजे जास्त चांगला' हा जमिनीवरच्या कामातला समज इथे महागात पडतो. ड्युप्लेक्स स्टीललाही हाच त्रास होतो, त्यासाठी डीएनव्हीचं एफ११२ आहे.

२०१२ च्या अखेरीस मेक्सिकोच्या आखातात ड्रिलिंगच्या एका कनेक्टरचे बोल्ट तुटले. अमेरिकेच्या बीएसईई या नियामक संस्थेने तपास केला. बोल्टांवर जस्ताचा मुलामा दिल्यावर आत शिरलेला हायड्रोजन घालवायला ते भाजावे लागतात. ते भाजणं झालेलं नव्हतं, कारण मुलामा देणाऱ्याने मानकाची जुनी आवृत्ती वापरली होती. तो मुलामावाला साखळीत तिसऱ्या पायरीवर होता आणि मुख्य कंपनीची ऑडिट तिथपर्यंत पोचतच नव्हती. आज तुम्हाला विचारलं जाईल, "तुमचं प्लेटिंग कोण करतं, आणि तुम्ही तिथे शेवटचं कधी गेला होतात?" उत्तरात तारीख सांगता आली पाहिजे.

यादीत नाव चढवणं

क्रम साधारण असा: प्रश्नावली, मग ऑडिट, मग पहिला नमुना, मग छोटी ऑर्डर. ऑडिटला येणारा माणूस ऑफिसातल्या फाइलींपेक्षा शॉपमध्ये जास्त वेळ घालवतो. कॅलिब्रेशन संपलेला एक मायक्रोमीटर बाकावर दिसला, की पुढचे दोन तास त्याच्यावरच.

तुमचं उत्पादन नवं असेल तर आणखी एक डोंगर आहे. गिऱ्हाईक विचारतं, "हे समुद्रात कुठे चाललंय?" एपीआय १७एनमध्ये तंत्रज्ञानाच्या परिपक्वतेची ० ते ७ अशी शिडी आहे, आणि सगळ्यांना सातव्या पायरीवरचंच हवं असतं. सातव्या पायरीवर जायला आधी कोणीतरी ते समुद्रात न्यायला हवं. यातून दोन वाटा निघतात. एक म्हणजे एखाद्या तेलकंपनीला चाचणीत भागीदार करून घ्यायचं. दुसरी म्हणजे जिथे बिघाड झाला तरी विहीर बंद पडत नाही अशा जागी आपलं सामान आधी बसवायचं, उदाहरणार्थ जोडीला लावलेला दुसरा सेन्सर. चाचणीच्या खर्चाला कमी लेखू नका. व्हॉल्व्ह पूर्ण दाबाखाली, गार आणि गरम करून, शेकडो वेळा उघडबंद करावा लागतो आणि त्यात चाचणीचा बे कित्येक आठवडे अडकतो.

काही देशांत स्थानिक हिश्शाचे कायदे आहेत. नायजेरियाचा २०१० चा, गयानाचा २०२१ चा. ब्राझीलमध्ये तेलक्षेत्राच्या करारातच तशी अट असते. तिथे माल विकायचा तर त्या देशात भागीदार शोधण्यापासून सुरुवात होते.

दर देताना

चौकशीसोबत शेकडो पानं येतात. प्रत्येक कलमापुढे 'मान्य', 'अमान्य' किंवा 'फरकासह मान्य' असा तक्ता भरायचा असतो. घाईत सगळीकडे 'मान्य' लिहिणारे खूप. ऑर्डर मिळाल्यावर फरक मागायला गेलात तर तो तुमच्या पैशाने सुटतो.

नवख्यांच्या दरपत्रकात हमखास विसरलेल्या गोष्टी: तिऱ्हाईत तपासनीसाची फी, टेस्ट कूपनसाठी जादा धातू, निकेलच्या भावातली चढउतार, कागदपत्रं तयार करणाऱ्या माणसाचा पगार, आणि गिऱ्हाईकाचं जहाज उशिरा आलं तर तयार माल जपून ठेवण्याचा खर्च. शेवटचा तर सगळेच विसरतात.

उशिराचा दंड बहुधा आठवड्याच्या टक्क्यांत असतो. त्याला वरची मर्यादा आहे ना, पाहा. त्याहून मोठं कलम म्हणजे परिणामी नुकसान. विहीर बंद राहिल्याने बुडालेलं उत्पन्न तुमच्या अंगावर येणार नाही, आणि एकूण जबाबदारी ऑर्डरच्या रकमेशी बांधलेली राहील, हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. चांगल्या वकिलाची फी इथेच वसूल होते.

बनवणं आणि चाचणी

ऑर्डरनंतर पहिली बैठक होते आणि तपासणीचा आराखडा ठरतो. त्यात प्रत्येक टप्प्यापुढे एक खूण असते. 'होल्ड' म्हणजे इन्स्पेक्टर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. 'विटनेस' म्हणजे त्याला कळवायचं आणि तो ठरल्या वेळी आला नाही तर पुढे जायचं. 'रिव्ह्यू' म्हणजे कागद दाखवायचा. होल्ड जितके कमी तितकं वेळापत्रक तुमच्या हातात, म्हणून वाटाघाटी या बैठकीतच करा.

कारखान्यातल्या अंतिम चाचणीत बॉडीला आधी पाण्याने दीडपट दाब देतात. १०,००० पीएसआयच्या बॉडीला १५,०००. मग ३जी असेल तर नायट्रोजन भरून ती पाण्याच्या टाकीत बुडवतात आणि बुडबुडे पाहतात. भल्याभल्यांची या पंधरा मिनिटांत बोलती बंद होते. सुरुवातीला आट्यांत अडकलेली हवा बाहेर येते, एखाद-दुसरा बुडबुडा दिसतो आणि नवा माणूस घाबरतो. म्हणून बॉडी बुडवल्यावर मऊ ब्रशने कोपरे झटका, थोडं थांबा, आणि पाणी शांत झाल्यावरच वेळ मोजायला घ्या. चार्टवरचा दाब पहिल्या काही मिनिटांत उतरताना दिसला तर लगेच गळती समजू नका. घाईने भरलेला वायू तापतो आणि निवताना दाब खाली येतो. दाब स्थिर होईपर्यंत थांबायची पद्धत आधीच प्रक्रियेत लिहून मंजूर करून घ्या. इन्स्पेक्टरसमोर ते समजावत बसलात तर ती सबब वाटते.

त्यानंतर सगळे भाग एकत्र जोडून पाहतात. माझ्या मते प्रकल्पाच्या अब्रूचा दिवस तो. आमच्या एका पॅनेलवर आरओव्हीचं टॉर्क टूल शिरेना. मापं बरोबर होती, पण रंगाचे थर मापात धरलेले नव्हते. हाताने घासून काम झालं, पण घासलेल्या जागेचा रंग पुन्हा देणं, पुन्हा जाडी मोजणं आणि नॉनकन्फॉर्मन्सचा अहवाल यात नऊ दिवस गेले.

माल पाठवणं

हायड्रॉलिक पोर्टांना टोप्या लावा, आतला द्रव एएस४०५९ च्या ठरलेल्या वर्गाइतका स्वच्छ असल्याचा दाखला जोडा, उचलण्याच्या जागा रंगवा. नोंदींचा ग्रंथ माल तयार झाल्यावर लिहायला बसू नका, पहिल्या दिवसापासून जुळवत जा. तो हजार पानांचा होऊ शकतो आणि शेवटचा हप्ता बहुधा त्याच्यावर अडतो. माल जहाजावर आणि पैसे फायलीत, असे दोन महिने मी काढले आहेत.

भाव पडतील त्याची तयारी

२०१४ च्या मध्यावर ब्रेंट तेलाचा भाव पिंपाला शंभर डॉलरच्या वर होता. २०१६ च्या सुरुवातीला तो तीसच्याही खाली गेला. ट्रीच्या ऑर्डरी आटल्या आणि फक्त याच कामावर बसलेली दुकानं बंद झाली. समुद्रतळाचं काम उलाढालीच्या निम्म्याच्या वर जाऊ देऊ नये, असं मी म्हणतो. भागीदाराशी माझं यावरून अजूनही भांडण होतं.

काम कधी येणार हे कळायला भावाकडे बघण्यापेक्षा गुंतवणुकीच्या अंतिम निर्णयांच्या बातम्या वाचा. गयानाच्या लिझा क्षेत्राचा शोध २०१५ चा आणि तेल डिसेंबर २०१९ मध्ये. एवढं पटकन झालं म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. निर्णय झाला की फोर्जिंगसारख्या वेळखाऊ मालाच्या ऑर्डरी आधी सुटतात. तेव्हा तुमची भट्टी किंवा मशीन मोकळं असलं पाहिजे.

माल गेल्यानंतर

क्षेत्र वीस-पंचवीस वर्षं चालतं. तेवढा काळ नोंदी जपायची जबाबदारी करारात असते, आणि नसली तरी जपा. सीलचं रबर बनवणाऱ्याने मिश्रण बदललं किंवा बंद केलं, तर ते तुम्हाला लेखी कळवणं त्याच्यावर बंधनकारक करा, आणि कळताच कोणत्या सिरियल नंबरांमध्ये ते रबर गेलंय याची यादी गिऱ्हाईकाला पाठवा. ही यादी एका दुपारीत काढता येते का, हे माल पाठवल्याच्या आठवड्यातच एकदा करून पाहा. नवा माणूस बसवून, जुन्याला रजेवर पाठवून.